जिवाणूच्या पेशीतला कोणता भाग काढला तर काय बिघडतं?

प्रश्न असा आला आहे: "सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. जिवाणूच्या पेशीची आकृती न बघता काढता येते, सगळ्या भागांची नावं आणि कामं पाठ आहेत. पण तोंडी परीक्षेत 'यातलं प्रत्येक जिवाणूत काय असतंच?' असं विचारलं आणि मी गप्प झाले. पेनिसिलीन सेल वॉलवर काम करतं, तर मग सगळ्या जिवाणूंवर का चालत नाही? आणि एका पुस्तकात मेसोसोमची तीन कामं दिली आहेत, दुसऱ्यात म्हटलंय की मेसोसोम नसतोच. खरं काय धरायचं?"

तुमचं पाठांतर कमी पडलेलं नाही. घोटाळा त्या आकृतीत आहे. पुस्तकातली ती लांबुळकी पेशी कुठल्याच एका जिवाणूची नसते. कॅप्सूल (बाहेरचा चिकट थर) न्यूमोकॉकसवरून, फ्लॅजेला (पोहण्याचे लांब धागे) साल्मोनेलावरून, पिली (केसांसारखे बारीक धागे) ई. कोलायवरून, साठ्याचे कण आणखी कुठून तरी, असं सगळं गोळा करून एकाच पेशीवर चढवलेलं असतं. शिकवायला ते सोयीचं आहे, पण त्यामुळे सगळे भाग एकाच तोलाचे वाटायला लागतात. रायबोसोमवरून जाणारी रेघ आणि कॅप्सूलवरून जाणारी रेघ सारख्याच जाडीची असते ना!

मी निदान प्रयोगशाळेत काम करते आणि विद्यार्थ्यांनाही शिकवते. आमच्या टेबलावर हे भाग नावानिशी दिसत नाहीत. कुठला रंग धरला, कुठलं औषध लागू पडलं, प्लेटवर वसाहत कशी आली, यावरून ते ओळखायचे असतात. त्यामुळे मी प्रत्येक भागाला एकच प्रश्न लावते: हा भाग काढून टाकला तर पेशीचं काय होईल? काही भाग काढले की पेशी तिथेच संपते. काही काढले तर ती फक्त ठरावीक परिस्थितीत मरते. आणि काही काढले तर प्रयोगशाळेच्या प्लेटवर तिला पत्ताही लागत नाही, खरी अडचण बाहेर, यजमानाच्या शरीरात किंवा मातीत येते. उत्तर पुष्कळदा जिवाणूची जात, त्याचं वय आणि तो कुठे वाढतोय यावर ठरतं.

आधी ज्यांच्याशिवाय भागतच नाही ते भाग. पेशीपटल, डीएनए, रायबोसोम आणि हे सगळं ज्यात आहे ते पेशीद्रव्य. तोंडी परीक्षेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या चारांत संपतं. यात सेल वॉल धरलेली नाही, ते मुद्दाम. तिच्याकडे नंतर येते.

पेशीपटलाबद्दल 'आतबाहेर ये-जा नियंत्रित करतं' एवढंच लिहून विद्यार्थी पुढे जातात, तेव्हा मला थोडं वाईट वाटतं. जिवाणूला मायटोकाँड्रिया नसतात, म्हणून मायटोकाँड्रियाच्या आतल्या पटलाचं सगळं काम इथे पेशीपटलालाच करावं लागतं. श्वसनाची इलेक्ट्रॉन साखळी याच पटलात बसवलेली असते. ती प्रोटॉन बाहेर ढकलते, बाहेर ते साठले की पटलाच्या दोन बाजूंमध्ये विजेचा आणि आम्लतेचा फरक तयार होतो आणि परत आत येणाऱ्या प्रोटॉनच्या जोरावर एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनतं. म्हणून पटलाला भोक पडलं की नुसती गळती होत नाही, वीजपुरवठाही तुटतो. कोलिस्टिन ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंची पटलं विस्कटतं आणि डॅप्टोमायसिन ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंच्या पटलात घुसतं (हे दोन गट कसे पडतात ते पुढे येतं). दोन्ही औषधं जिवाणूला मारतात ती यामुळेच.

डीएनएला जिवाणूत वेगळी खोली नाही. ई. कोलायच्या नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या वाणात सुमारे ४६ लाख बेस-जोड्यांचं एकच गोल गुणसूत्र असतं. सरळ केलं तर ते दीड मिलिमीटरच्या आसपास भरेल, आणि पेशी स्वतः जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब. म्हणजे पेशीच्या लांबीच्या सात-आठशे पट धागा आत पीळ घालून बसवलेला. हा पीळ सांभाळणारं गायरेज नावाचं विकर (एन्झाइम) अडवलं की पेशी मरते. सिप्रोफ्लोक्सासिन हेच करतं. केंद्रकाचं पटल नसल्याचा एक परिणामही लक्षात ठेवा: जनुकावरून आरएनए उतरत असतानाच त्याच्या सुट्या टोकावर रायबोसोम बसून प्रथिन बनवायला सुरुवात करतात. आपल्या पेशीत हे शक्य नाही, कारण आरएनएला आधी केंद्रकातून बाहेर यावं लागतं.

रायबोसोम ७० एस असतो, त्याचे दोन भाग ५० एस आणि ३० एस. बेरीज ८० का होत नाही, असं दर वर्षी कोणीतरी विचारतंच. एस हे वजनाचं माप नाही. अपकेंद्री यंत्रात कण किती वेगाने खाली बसतो त्याचं ते माप आहे आणि तो वेग आकारावरही ठरतो, म्हणून साधी बेरीज चालत नाही. औषधांच्या दृष्टीने या भागाचं महत्त्व मोठं आहे. आपल्या पेशीद्रव्यातले रायबोसोम ८० एस, जिवाणूचे ७० एस. या फरकावर टेट्रासायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन, एरिथ्रोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही सगळी मंडळी उभी आहेत. पहिली दोन ३० एसला धरतात, पुढची दोन ५० एसला. ओळख पटवण्यासाठीही रायबोसोम उपयोगी पडतो. त्याच्या लहान भागातल्या १६ एस आरएनएचं जनुक प्रत्येक जिवाणूत असतं आणि ते फार सावकाश बदलतं. कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये त्याच रेणूची तुलना करून आर्किया हा गट जिवाणूंपासून वेगळा काढला. नेहमीच्या चाचण्यांना दाद न देणारा एखादा जिवाणू आला की आजही याच जनुकाचा क्रम वाचला जातो.

आता सेल वॉल, म्हणजे भित्तिका. तुमचा खरा प्रश्न इथेच आहे, म्हणून जरा रेंगाळते.

पेशीद्रव्यात क्षार, शर्करा, अमिनो आम्लं यांची इतकी गर्दी असते की बाहेरचं पाणी सतत आत यायला बघतं. त्यामुळे आतून दाब बसतो: ई. कोलायसारख्यांमध्ये वातावरणाच्या दाबाच्या काही पट, ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंमध्ये तर वीस पटींच्या आसपासही. नुसतं पेशीपटल हा दाब सोसू शकत नाही. त्याच्याबाहेर पेप्टिडोग्लायकनची जाळी असते. एनएजी आणि एनएएम या दोन शर्करा आलटून पालटून जोडलेले लांब धागे, आणि त्यांना आडवे सांधणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे. पेशीभोवती अखंड विणलेला हा एकच मोठा रेणू असतो, असं म्हटलं तरी चालेल.

ही जाळी काढून बघण्याचा प्रयोग झालेला आहे. क्लेस वायबुल यांनी १९५३ मध्ये बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूवर लायसोझाइम टाकलं. लायसोझाइम एनएएम आणि एनएजीमधला सांधा कापतं. साध्या पाण्यात पेशी फुटल्या असत्या; पण त्यांनी बाहेरच्या द्रावणात साखर घालून दाब समतोल ठेवला, आणि दांड्यासारख्या पेशी फुटण्याऐवजी गोल झाल्या. या एका प्रयोगात भित्तिकेची दोन्ही कामं दिसतात: आकार ती देते आणि फुटण्यापासून ती वाचवते. तिसरी गोष्टही दिसते. दाबाची सोय दुसरीकडून झाली तर पेशी भित्तिकेविना तग धरू शकते. म्हणून मघाच्या चारांत मी तिला घातलं नाही. मायकोप्लाझ्माला तर भित्तिका मुळातच नाही. तो पेशीपटलात स्टेरॉल घालून त्याला बळकटी आणतो, आणि ते स्टेरॉल यजमानाकडून किंवा माध्यमातून घेतो.

पेनिसिलीन भिंत तोडतं असा समज आहे, तो सोडून द्या. वाढणारी पेशी स्वतःच जाळीत जागोजागी छेद देते आणि नवे धागे आत घालून पुन्हा सांधते. पेनिसिलीन हे सांधणाऱ्या विकरांना जाऊन चिकटतं. कापणं चालू, सांधणं बंद. थोड्याच वेळात जाळी विरते आणि आतल्या दाबाने पेशी फुटते. यावरूनच कळेल की न वाढणाऱ्या, स्वस्थ बसलेल्या पेशीवर पेनिसिलीनचा फारसा परिणाम का होत नाही, आणि मायकोप्लाझ्मावर अजिबात का होत नाही. तिथे मारायला लक्ष्यच नाही. मायकोप्लाझ्माच्या न्यूमोनियात म्हणून रायबोसोमवर काम करणारी औषधं देतात.

उरलेलं उत्तर ग्रॅम स्टेनमध्ये आहे. हान्स क्रिस्टियन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा भित्तिकेची रचना कोणालाच माहीत नव्हती. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन मिळून पेशीत मोठे गठ्ठे होतात. ग्रॅम पॉझिटिव्ह पेशीत पेप्टिडोग्लायकनचा थर २० ते ८० नॅनोमीटर जाड असतो. अल्कोहोलने तो आक्रसतो आणि जांभळा रंग आतच अडकतो. ग्रॅम निगेटिव्ह पेशीत हा थर अगदी पातळ, आणि त्याच्या बाहेर आणखी एक पटल. अल्कोहोल ते बाहेरचं पटल विरघळवतं, रंग धुऊन जातो आणि मग लावलेला गुलाबी सॅफ्रानिन दिसतो. स्लाइड वाचताना परिस्थितीचं भान लागतं: जुन्या कल्चरमधल्या ग्रॅम पॉझिटिव्ह पेशींची भित्तिका खंगलेली असते आणि त्या गुलाबी दिसू शकतात. अल्कोहोल जरा जास्त वेळ राहिलं तरी तेच. म्हणून ताज्या कल्चरवरून स्लाइड करा, एवढी एक सवय लावून घ्याच.

ते बाहेरचं पटल हीच ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंची खरी तटबंदी. त्याच्यात पोरिन नावाच्या प्रथिनांच्या नळ्या असतात आणि त्यांतून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) रेणू आत जातात. व्हँकोमायसिन १४०० डाल्टनहून मोठं, त्यामुळे ते बाहेरच राहतं. पेप्टिडोग्लायकन आत आहे, औषधाला त्याच्यापर्यंत पोचताच येत नाही. मूळ पेनिसिलीनही या नळ्यांतून नीट जात नाही. अँपिसिलीनमध्ये एक अमिनो गट जोडल्यावर ते बरंच सुधारलं. आत शिरलं तरी दोन पटलांमधल्या पोकळीत, म्हणजे पेरिप्लाझममध्ये, बीटा-लॅक्टमेज हे विकर पेनिसिलीनचं वलय फोडायला बसलेलं असू शकतं. म्हणजे 'का चालत नाही' याची निदान चार कारणं झाली: लक्ष्य नाही, लक्ष्यापर्यंत वाट नाही, वाटेत औषधाचा नाश, आणि चौथं म्हणजे सांधणारं विकरच बदललेलं. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, या चौथ्या प्रकारातला. त्याच्याकडचं पर्यायी विकर या गटातल्या बहुतेक औषधांना दाद देत नाही.

बाहेरच्या पटलाचा बाहेरचा अर्धा थर लायपोपॉलिसॅकराइडचा असतो. त्यातला लिपिड ए हा भाग म्हणजेच एंडोटॉक्सिन. जिवाणू मेल्यावर, फुटल्यावर ते सुटतं, ताप आणतं, जास्त प्रमाणात रक्तात आलं तर रक्तदाब कोसळतो. ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, पण हा रेणू पुरून उरतो. म्हणून सलाइन निर्जंतुक असणं पुरत नाही, त्यातलं एंडोटॉक्सिन वेगळं तपासावं लागतं.

क्षयाचा जिवाणू या दोन्ही गटांत नीट बसत नाही. त्याच्या भित्तिकेत मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो, साधे रंग आत जात नाहीत. तापवून कार्बोल फ्युक्सिन आत घातलं की मग आम्लाने धुतलं तरी तो सुटत नाही, आणि हीच त्याची ओळख. आयसोनियाझिड याच मायकोलिक आम्लाची निर्मिती थांबवतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: पटल, डीएनए, रायबोसोम, पेशीद्रव्य सगळ्यांत, भित्तिका जवळजवळ सगळ्यांत, पण तिची घडण तीन-चार तऱ्हांची, बाहेरचं पटल फक्त ग्रॅम निगेटिव्हमध्ये. यापुढचे भाग ऐच्छिक आहेत.

ऐच्छिक म्हणजे बिनमहत्त्वाचे नव्हेत. कॅप्सूल बघा. फ्रेडरिक ग्रिफिथ यांच्या १९२८ च्या प्रयोगात कॅप्सूल असलेला न्यूमोकॉकस उंदराला मारत होता, कॅप्सूल नसलेला नाही. प्लेटवर दोघंही मजेत वाढतात. फरक पडतो तो शरीरात, कारण कॅप्सूलचा चिकट, पाणीदार थर असला की पांढऱ्या पेशींना जिवाणू गिळता येत नाही. ग्रिफिथना दिसलं की मेलेल्या कॅप्सूलवाल्या जिवाणूंकडून हा गुण जिवंत बिनकॅप्सूलवाल्यांकडे जातो; नेणारा पदार्थ डीएनए आहे हे एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवलं. न्यूमोकॉकसच्या कॅप्सूलचे नव्वदहून अधिक प्रकार आहेत आणि लस यांतल्या निवडक प्रकारांविरुद्ध असते. टेबलावर मात्र कॅप्सूल रंग धरत नाही. इंडिया इंकमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर पेशीभोवती स्वच्छ वलय दिसतं, तेवढंच. क्लेबसिएलाच्या ओल्या, तार ओढणाऱ्या वसाहती हेही कॅप्सूलचंच काम.

फ्लॅजेलम फटके मारत नाही, फिरतं. १९७४ मध्ये सिल्व्हरमन आणि सायमन यांनी ई. कोलायचं फ्लॅजेलम काचेला चिकटवून टाकलं, तेव्हा अख्खी पेशीच गोल फिरायला लागली. मोटर पेशीपटलात बसलेली असते आणि ती एटीपीवर चालत नाही. मघाशी सांगितलेले प्रोटॉन आत येताना तिला फिरवतात. परीक्षेत हा मुद्दा हमखास चुकतो. शिगेला आणि क्लेबसिएला हलत नाहीत, प्रोटियस प्लेटभर लाटांसारखा पसरतो, हे ओळखीसाठी रोज उपयोगी पडतं. पण परिस्थिती इथेही आहेच: लिस्टेरिया २५ अंशांच्या आसपास लोळत-कोलांटत पोहतो, ३७ अंशांवर जवळजवळ थांबतो. फक्त ३७ अंशांवर तपासलंत तर तो अचल आहे असं लिहून बसाल.

पिलींचे दोन प्रकार वेगळे ठेवा. आखूड, पुष्कळ असतात त्या चिकटण्यासाठी. मूत्रमार्गाच्या संसर्गातला ई. कोलाय त्यांच्याविना लघवीच्या प्रवाहात वाहून जाईल. लांब, मोजक्या असतात त्या दुसऱ्या पेशीला जवळ ओढून प्लाझ्मिड देण्यासाठी. प्लाझ्मिड म्हणजे गुणसूत्राबाहेरचं, स्वतःची प्रत स्वतः काढणारं छोटं डीएनए. एरवी ते ओझंच असतं. प्रतिजैविक आलं की तेच तारतं. १९५० च्या दशकात जपानमध्ये एकदम अनेक औषधांना न जुमानणारा शिगेला सापडला तो अशाच प्लाझ्मिडमुळे.

साठ्याचे कण मी एका ओळीत उरकते: घटसर्पाच्या जिवाणूतले पॉलिफॉस्फेटचे कण अल्बर्ट स्टेनमध्ये ठळक दिसतात, बाकीचे नेहमीच्या कामात क्वचितच भेटतात.

एंडोस्पोर हा पेशीचा भाग म्हणण्यापेक्षा पेशीची एक अवस्था आहे. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियमसारख्या काही मोजक्याच गटांत तो बनतो, तोही उपासमार झाली तर. एका पेशीतून एकच स्पोर आणि एका स्पोरमधून एकच पेशी, म्हणून याला पुनरुत्पादन म्हणू नका. आत पाणी फार कमी, कॅल्शियम डायपिकोलिनेट भरपूर, डीएनएला घट्ट बिलगलेली खास प्रथिनं. उकळत्या पाण्याला तो पुरून उरू शकतो. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश आणि १५ मिनिटं हे गणित त्याच्यासाठीच आहे. ऑटोक्लेव्ह नीट चालतो का हे बघायला आम्ही जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे स्पोर आत ठेवतो आणि नंतर ते उगवतात का पाहतो. ग्रॅम स्टेनमध्ये स्पोर रंगत नाही, दांड्याच्या मधोमध किंवा टोकाला रिकामी जागा दिसते.

राहता राहिला मेसोसोम. दुसरं पुस्तक बरोबर आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशी रसायनांत बुडवून स्थिर करताना पेशीपटल आत वळतं आणि त्याच्या घड्या फोटोत दिसतात. पेशी झटकन गोठवून पाहिल्या तर त्या दिसत नाहीत. पहिल्या पुस्तकातली कामं मात्र खोटी नाहीत, ती दुसऱ्यांची आहेत: श्वसन पेशीपटल करतं, आणि विभाजनाची जागा ठरते ती एफटीएसझेड या प्रथिनाच्या कड्यामुळे. ते कडं १९९१ मध्ये ई. कोलायमध्ये दिसलं. तुमच्या अभ्यासक्रमात मेसोसोम अजून असेल तर 'पेशीपटलाच्या घड्या, असं पूर्वी वर्णन केलं जाई. आता त्या स्थिरीकरणाच्या प्रक्रियेतून आलेल्या मानल्या जातात' असं लिहा. मार्क जाणार नाहीत. फक्त त्याच झटक्यात प्रकाशसंश्लेषी जिवाणूंच्या आतल्या पटलांवर काट मारू नका. सायनोबॅक्टेरियातले थायलॅकॉइड आणि जांभळ्या जिवाणूंमधल्या पटलाच्या पिशव्या खऱ्या आहेत, प्रकाश पकडण्याचं काम तिथेच होतं.